खांद्यावर चापान

९ ऑक्टोबर

नासिबा म्हणते मी झोपेत दात खातो. "अहो, मला वाटतं घरात उंदीर अक्रोड फोडतोय. पोटात जे काय आहे ते कागदावर ओका, माझी झोप नको मोडायला." म्हणून हे लिहिणं सुरू. तेहेतीस वर्षांचा घोडा मी, आणि शाळेतल्या मुलीसारखी दैनंदिनी लिहितोय. संघातल्या कुणाच्या हाती लागली तर आयुष्यभर चिडवतील.

पोटात आहे ते एवढंच की अतलस क्लबनं उन्हाळ्यापासून पगार दिलेला नाही. सुपर लीगमधला फुटबॉल संघ, दर शनिवारी टीव्हीवर दिसणारा. मार्गिलानच्या बाजारात लोक अजून माझ्यासोबत फोटो काढतात, आणि खाटीक फोटो काढून झाला की हळूच विचारतो, "अका, मागच्या महिन्याचं?" आमचे मालक रवशन-अका सूतगिरणीवाले. दर सोमवारी मैदानावर येतात, छातीवर हात ठेवतात. "माझ्या वाघांनो, कापूस विकला गेला की पहिला पैसा तुमचा." मिओद्राग म्हणून आमचा सर्बियाचा स्ट्रायकर आहे. दोन वर्षांत त्याला आमच्या भाषेतला एकच शब्द पक्का आलाय, पाख्ता, म्हणजे कापूस. मालक दिसले की तो लांबूनच ओरडतो, "पाख्ता!"

ताश्कंदच्या पोयतख्त क्लबनं मला दोनदा बोलावलं होतं. गेलो नाही. माझे वडील रेशमाच्या कारखान्यात माग चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मैदानाच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांवर बसून मला शिव्या द्यायचे. दुसऱ्या गावच्या शिव्या मला सोसल्या नसत्या. लोक याला निष्ठा म्हणतात, नासिबा आळस म्हणते.

शिवाय इथे हिकमत आहे. एका मोहल्ल्यातले आम्ही, एका बाकावरचे. तो बचावाच्या मधोमध, मी त्याच्या मागे. तो पुढे उभा असला की मला निम्मा गोल झाकल्यासारखा वाटतो.

१३ ऑक्टोबर

हिकमतच्या पोराची सुन्नत ठरली. साधी नव्हे, तीनशे पानांची दावत, ताश्कंदचा गायक, अंगणात नव्या फरश्या! मी विचारलं, "लेका, गिरणीला आग लावून विमा घेतलास का?"

हसला. म्हणाला, "रवशन-अकांनी थोडं सोडलं. बायकोच्या भावाकडून थोडं आलं. तुझंही येईल, धीर धर."

खोटं कशाला लिहू, मला झोंबलं. क्लबात मी त्याच्यापेक्षा जुना, आणि मालक गुपचूप त्याचा हात ओला करतात. सोमवारी मी रवशन-अकांना तिरकं बोललो, "काहींचा कापूस विकला गेला वाटतं." ते नुसते बघत राहिले. "कुणाचा?" म्हणाले. सोंग असं वठवावं की आपल्यालाच शंका यावी.

१९ ऑक्टोबर

दावत झाली. ओशच्या, आमच्या पुलावाच्या, दोन परातींपाशी मी बसलो आणि दोन्हींवर हात मारला. गाजरं पिवळी, भात मोकळा, हिकमतच्या मामानं स्वतः शिजवलेला. पोर घोड्यावर बसून रडत होतं, बाया हसत होत्या. फार दिवसांनी बरं वाटलं.

मग एक गोष्ट झाली. ताश्कंदचे एक पाहुणे होते, सैदोलिम-अका, पिकली दाढी, मऊ बोलणं. व्यापारी म्हणे. जेवणं उरकल्यावर ते उठले आणि भर मांडवात त्यांनी मला पुढे बोलावलं. त्यांच्या माणसानं घडी उलगडली: निळा-जांभळा चापान, लांब अंगरखा, आतून अस्तर, आमच्याच गावचं रेशीम. तो त्यांनी स्वतः माझ्या खांद्यांवर घातला, कमरेला रुमाल बांधला. दोघेतिघे फोन वर धरून उभे होते.

"गोलकीपर," ते म्हणाले, "आता तू आमच्या घरचा. मोठ्यांची मान खाली जाऊ देणार नाहीस ना?"

हिकमत बाजूलाच होता. कानाशी लागून म्हणाला, "हो म्हण रे. हो म्हणायला काय जातं?"

मी छातीवर हात ठेवला. "बरं, अका. तुमचा शब्द."

टाळ्या झाल्या. वडील असते तर पायऱ्यांवरून उठून आले असते. सोळा वर्षं गोलात उभा राहिलो तर क्लबनं एक टोपी दिली नाही, आणि परक्या माणसानं चापान घातला.

२० ऑक्टोबर

नासिबानं चापान हातात घेऊन उलटा केला, शिवण पाहिली, परत घडी केली. "कोण हे?"

"हिकमतचे पाहुणे."

"आपल्याकडे चापान नवऱ्याला घालतात, इमामाला घालतात, नाहीतर ज्याच्याकडून काम करून घ्यायचंय त्याला. तुमचं लग्न झालंय, आणि नमाज तर तुम्ही शुक्रवारीच पढता."

मी म्हटलं, तुला माझं कौतुक बघवत नाही. तिनं चापान पेटीच्या तळाशी ठेवला, हे जास्त वाईट.

२७ ऑक्टोबर

दुपारी सरावाहून आलो, बूट काढतोय तोच फोन. नंबर अनोळखी. आवाज तरुण, अदबीचा.

"अब्दुमलिक-अका, तब्येत कशी? घरचे बरे? शेवटच्या सामन्याचं ठरल्याप्रमाणे. पहिल्या अर्ध्यात दोन. मग पुढे तुमच्या मनासारखं खेळा."

"दोन काय?"

तो हसला. "गोल, अका. पोयतख्तला. तुम्हाला कुठे तोटा आहे? तुमचा संघ मधल्या जागी, ना चढणार ना उतरणार."

मी म्हटलं, भाऊ, चुकीचा नंबर लागला, माझं कुणाशी काही ठरलेलं नाही.

"तीनशे लोकांसमोर चापान अंगावर घेतलात," तो तसाच गोड म्हणाला. "शब्द दिलात. व्हिडिओ आहे, ज्यांनी पैसे लावलेत त्यांनीही पाहिलाय. आता थट्टा नको." आणि ठेवला.

नासिबानं भांडी आपटणं थांबवलं होतं. मी सांगितलं, क्लबातला होता. पेनल्टी घेणारा पाऊल उचलतो तेव्हाच मला कळतं चेंडू कुठे जाणार, आणि मांडवात समोर उभा राहिलेला माणूस मला कळला नाही. मी भीत नाही असं लोक म्हणतात. लोकांना काय माहीत!

२८ ऑक्टोबर

हिकमतला सगळं सांगितलं. तळ्याकाठच्या चहाखान्यात, चिनाराखालच्या खाटेवर. ऐकता ऐकता त्याचा रंग उडाला. त्याला माझी एवढी काळजी आहे हे पाहून मलाच भरून आलं.

"कुणाला बोललास?"

"कुणाला नाही. कोचला सांगू म्हणतो. नाहीतर पोलिसात."

"वेडा आहेस का?" तो इतक्या जोरात बोलला की चहावाला वळला. मग आवाज खाली आणला. "पोलीस पहिलं विचारतील, चापान का घेतलास? तुला आत टाकतील. तुझं नाव जाईल, ओयदिनच्या शाळेत पोरं काय म्हणतील?"

ओयदिन माझी मुलगी, नऊ वर्षांची. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण तो सैदोलिम तुझ्या मांडवात आला कसा?"

"रवशन-अकांच्या गाडीतून आला," हिकमत म्हणाला. "मी तरी कुठे ओळखतो? घरी आलेल्याला हाकलणार का?" त्यानं माझ्या पेल्यात चहा ओतला, आणि पेला भरून वाहिला तरी ओततच राहिला.

म्हणजे मुळाशी मालक. पगार द्यायचा नाही आणि वर आम्हाला विकायचं! घरी येताना रागात मी भीती विसरलो होतो, कोपऱ्यावर पुन्हा आठवली.

२ नोव्हेंबर

मला आता मिओद्रागचाही संशय येतोय. दावतीत तो सैदोलिमच्या शेजारी बसला होता, दोघं खिदळत होते. हंगाम संपला की हा बेलग्रेडला पसार, त्याला कोणाची लाज? आज सरावात मी त्याच्याकडे टक लावून बघत होतो. शेवटी तो आला आणि मोडक्या रशियनमध्ये म्हणाला, "काय? तोंडाला भात आहे?"

नासिबाला (तिला आता सगळं माहीत आहे, तिनं शनिवारी वदवून घेतलं) हे सांगितलं तर म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला सुळी. तो बिचारा रोज माझ्याकडून लोणचं मागून नेतो."

"मग चोर कोण?"

"चापान कुणाच्या अंगणात घातला?"

मी तिच्यावर ओरडलो. हिकमतनं माझ्या वडिलांच्या जनाज्याला खांदा दिलाय. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिला तो कधीच आवडला नाही. दुपारपासून आमचं बोलणं बंद आहे.

५ नोव्हेंबर

ओयदिन शाळेतून डाळिंब घेऊन आली. मोठं, लाल, देठाला पान. फाटकाशी एका काकांनी दिलं म्हणे. "म्हणाले, बाबांना सलाम सांग. म्हणाले, तुझ्या गालावर खळी पडते, बाबांसारखी."

मी डाळिंब तिच्या हातातून काढून गटारात टाकलं. पोरगी रडायला लागली. नासिबानं मला विचारलंही नाही, तिनं दाराला कडी घातली.

आता ठरवलं. दोन गोल. कोण मरतं दोन गोलांनी? सोळा वर्षांत किती खाल्लेत, आणखी दोन. मालकानं विकलं तर विकलं, माझ्या मुलीपुढे अतलस काय चीज आहे! बाबा, माफ करा.

६ नोव्हेंबर

सरावानंतर मागे थांबलो. मिओद्रागला म्हटलं, मार. मला बघायचं होतं मुद्दाम कसं चुकायचं. पहिला चेंडू आला, मी उजवीकडे पडायचं ठरवलं होतं, पडलो डावीकडे आणि अडवला. दुसरा बोटांतून सोडायचा, तर बोटं मिटली. अंगाला हे शिकवलेलंच नाही. मिओद्राग टाळ्या वाजवत होता, आणि मी चिखलात तोंड लपवून पडलो होतो.

७ नोव्हेंबर

सकाळी हातमोजे शोधून घर डोक्यावर घेतलं, नासिबानं माझ्याच काखेकडे बोट दाखवलं. काखेत कळसा. तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली, मग डोक्यावरच्या रुमालाआड रडली. ओयदिनला तिनं फरगानाला भावाकडे पोचवलंय. मी म्हटलं, बरं केलंस. तेवढंच बोललो आम्ही.

हिकमत दुपारी आला, घरात यायला तयार नाही, फाटकाशीच उभा. दाढी वाढलेली.

"काय ठरवलंस?"

मी म्हटलं, ठरवलंय द्यायचे. पण हात ऐकतील असं वाटत नाही.

"हातांना समजव, अब्दुमलिक." त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली. "दोनच. माझ्या पोराची शपथ, दोनच. मग हे सगळं संपेल. तुला काही झालं तर मी… मी कुठे तोंड दाखवू?"

त्याचे हात बर्फासारखे होते. माझ्या जिवासाठी पोराची शपथ घालणारा माणूस. नासिबाला हे दिसायला हवं होतं, पण ती खिडकीच्या पडद्याआड उभी राहून काही भलतंच बघत असणार.

८ नोव्हेंबर

जमेल तसं लिहितो. बोटं सुजलीत.

मैदान भरलेलं. पोयतख्तला जेतेपदासाठी जिंकायलाच हवं होतं, ताश्कंदहून बसगाड्या भरून माणसं आली होती. बोगद्यातून बाहेर पडताना मी मनात घोकत होतो, दोन, दोन, दोन.

सुरुवातीलाच एक साधा उंच चेंडू आला. हिकमतनं डोक्यानं उडवायचा, तर त्यानं हात वर केला. उघड हात, रेफरीच्या नाकासमोर. पेनल्टी! बिचाऱ्याच्या मनावर माझं इतकं ओझं होतं की भानच राहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्यानं मान हलवली, जणू म्हणत होता, घाबरू नकोस, होऊ दे.

मी होऊ देणार होतो. खरंच. चेंडू मारणाऱ्यानं कंबर वळवली, मला कळलं डावा कोपरा, आणि मी स्वतःला सांगितलं, उजवीकडे. आणि अंग डावीकडे गेलं. चेंडू तळव्यावर आपटला. उत्तरेकडच्या पायऱ्या अशा ओरडल्या की मला क्षणभर वाटलं त्यात वडिलांचीही शिवी आहे.

मग हिकमतनं मला आखूड पास दिला, त्यांचा पोरगा मधे घुसला, मी त्याच्या पायांवर झेप घेतली. कपाळाला बूट लागला, पण चेंडू छातीशी. पुन्हा तसंच एकदा. मी हिकमतवर ओरडलो, "सावर! मी आहे मागे!" मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा शून्य-शून्य. मी गवतावर बसलो. आता झालं, आता वेळ गेली, आता काही करता येणार नाही. जे व्हायचं ते होऊ दे. विचित्र गोष्ट अशी की भीतीबरोबर एक मोकळेपणाही आला, आणि नंतर मी पोटभर खेळलो.

शेवटी शेवटी मिओद्रागनं गोल केला. आम्ही जिंकलो. त्या संन्याशाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

ड्रेसिंग रूममध्ये सगळे नाचत होते. हिकमत अंघोळीच्या जागेत फरशीवर बसला होता, कपड्यांसकट, पाणी अंगावर सोडून, आणि लहान मुलासारखा हुंदके देत होता. मी शेजारी बसलो, त्याला मिठी मारली. "झालं रे," मी म्हटलं, "जिवंत आहे की मी." तो आणखीच रडायला लागला. असा मित्र नशिबानं मिळतो.

११ नोव्हेंबर

तीन दिवस झाले, फोन नाही, माणूस नाही. पहिले दोन दिवस मी खिडकीपाशी बसून होतो, रस्त्यात गाडी थांबली की पडदा ओढायचो. आता वाटतंय, विसरले मला. कदाचित खेळ पाहून त्यांनाही लाज वाटली असेल. ओयदिनला उद्या परत आणू म्हणतो. नासिबा म्हणते, नाही, अजून नाही.

हिकमत सरावाला आला नाही. सकाळी त्याचा फोन आला, दुसऱ्याच नंबरवरून. बायकोपोरांना घेऊन रिश्तानला मावशीकडे गेलाय, जिच्याकडे लहानपणी आम्ही दोघं सुट्टीत जायचो. "क्लबात कुणी विचारलं तर आजारी आहे म्हण. कुणाला सांगू नकोस." आवाज खोल गेलेला. थकलाय. आठवडाभर माझी काळजी वाहिली, थकणारच.

रवशन-अकांनी पगाराचा पहिला हप्ता दिला. कापूस विकला गेला म्हणे! मी मालकांशी नीट बोललो नाही. मिओद्राग मात्र त्यांच्या गळ्यात पडला.

१४ नोव्हेंबर, दुपार

आज पाहुणे आले होते. फाटकावर दोघं, नीट कपड्यांतले, चाळिशीचे. मला आधी घाम फुटला. पण त्यांनी छातीवर हात ठेवून सलाम केला, घरच्यांची चौकशी केली, आणि एकजण म्हणाला, "अब्दुमलिक-अका, काय खेळलात! मर्दासारखे. तुमच्याशी आमचं काही नाही, मनात काही आणू नका."

पंधरवड्याचं ओझं एका वाक्यात उतरलं. दारातून परत कसं पाठवणार? आत बसवलं, नान ठेवले, चहा ओतला.

हिकमतचे दोस्त, ताश्कंदचे. त्याच्या घराला कुलूप, फोन बंद. "त्याची अमानत आहे आमच्याकडे," मोठा म्हणाला. "त्याच्या हाती पोचवायची आहे. नाही पोचवली तर आम्हाला उत्तर द्यावं लागेल."

अमानत. आता या शब्दापुढे माणूस काय बोलणार? माझे वडील म्हणायचे, ज्याची अमानत अडवली त्याचं ओझं अडवणाऱ्याच्या मानेवर. मी समजलो, पोराच्या सुन्नतीची भेट राहिली असेल. हात मोकळेच होते त्यांचे, पण सोनं खिशातही मावतं. हिकमतनं सांगू नकोस म्हटलं होतं ते क्लबासाठी. सांगितलं सगळं. रिश्तान, कुंभारगल्ली, निळं फाटक, पुढे तुतीचं झाड. चुकू नयेत म्हणून वळण कुठे घ्यायचं तेही सांगितलं. नासिबा दारात उभी राहून डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. मी तिला पुढचा चहा आणायला पाठवलं.

ते थांबले नाहीत. निघताना मी म्हटलं, "सावकाश जा, घाई काही नाही."

नासिबा दस्तरखान आवरत होती. म्हणाली, "त्यांनी नान मोडला नाही."

"पोट भरलेलं असेल."

"पाहुण्यानं तुकडासुद्धा तोडला नाही, असं तुम्ही कधी पाहिलंय? ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घराचं वाईट करता येत नाही, म्हणून नाही खाल्लं."

बायकांना कशातही काही दिसतं. पण आता हिकमतला फोन करतोच, त्याला आनंद होईल.

तोच दिवस

गाडी मेव्हण्याकडे आहे, तो निघालाय. तो येईपर्यंत काय करू, हात थांबत नाहीत म्हणून लिहितोय.

हिकमतनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोघं?"

"दोघं. भली माणसं."

"फाटकाचा रंग सांगितलास?"

"निळं. का रे? अमानत आहे म्हणाले तुझी…"

मागे त्याचा पोरगा काहीतरी हट्ट करत होता, त्याला चेंडू हवा होता.

"अमानत माझ्याकडे होती, अब्दुमलिक," तो म्हणाला. "त्यांची. तुझ्या नावावर मी घेतली. गोलकीपर माझ्या शब्दाबाहेर नाही, असं सांगून. दावतीत गेली सगळी. तूही दोन परातींवर हात मारलास."

मी म्हटलं, हिकमत. एवढंच म्हटलं. त्याचा तो वर गेलेला हात, ते आखूड पास, बर्फासारखी बोटं.

"मी तुझ्यापाशी नीट मागायला हवं होतं," तो म्हणाला. "लाज वाटली. आता एक कर. वाट कुणी दाखवली ते माझ्या पोराला कधी सांगू नकोस."

मी ओरडलो, पळ, मागच्या दारानं पळ, पोलिसांना बोलाव. फोन तुटला की त्यानं तोडला, कळलं नाही. परत लागत नाही. नासिबा पोलिसांना फोन करतेय, तिकडचा माणूस नाव विचारतो, मग पुन्हा नाव विचारतो.

रिश्तान इथून तासाभराची वाट. त्यांना जाऊन अर्धा तास होऊन गेला असेल. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो होतो, छातीवर हात ठेवून म्हणालो होतो, सावकाश जा. या अल्ला, त्यांनी माझं ऐकलेलं असू दे.